राबतोय सालदार, राबवतोय कोण?

ओळख टॅबची : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण बॅटरी का फुगते ते पाहिलं. त्यावर डोणगावच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा नीटची तयारी करतो, टॅब एका योजनेतून मिळालेला. स्क्रीन बंद असली तरी पाठ तापते आणि सकाळी भरलेली बॅटरी दुपारपर्यंत निम्म्यावर येते. सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत सगळ्यात वर नाव दिसतं ‘मीडिया स्टोरेज’. ‘हे ॲप आम्ही टाकलंच नाही, आणि काढायला गेलं तर काढायचं बटणही नाही. व्हायरस आहे का?’

नाही ताई, तो अँड्रॉइडचाच भाग आहे. टॅबमध्ये आणि मेमरी कार्डात फोटो, गाणी, व्हिडिओ कुठे आहेत, कोणता किती लांबीचा, कोणत्या तारखेचा, याची यादी तो तयार ठेवतो. गॅलरी उघडताच फोटो झटक्यात दिसतात ते या यादीमुळे. नवी फाइल आली की नोंद करायची, पुसली की नोंद काढायची, एवढंच काम असेल तर प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण सालदार दिवसभर धावताना दिसला, तर त्याला काम कोण सांगतंय ते आधी पाहावं. इथेही तेच. सिस्टिमची प्रक्रिया स्वतःहून क्वचितच वेडी होते. बहुतेक वेळा कुणीतरी तिला पुन्हा पुन्हा कामाला जुंपत असतं.

पहिला संशयित मेमरी कार्ड. खाचेत सैल बसलेलं कार्ड हादऱ्याने सुटतं, पुन्हा लागतं आणि दर वेळी टॅबला वाटतं की नवं कार्ड आलं. मोजदाद पहिल्यापासून सुरू. डोणगावहून मेहकरला एसटीत मांडीवर टॅब ठेवून लेक्चर बघत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे सहज घडतं. म्हणून सगळ्यात आधी टॅब बंद करून कार्ड काढा आणि एक दिवस कार्डाशिवाय वापरून बघा. तापणं थांबलं तर शोध तिथेच संपला.

दुसरा संशयित अर्धवट उतरलेली फाइल. रेंज गेली, व्हिडिओ मध्येच तुटला. यादी करताना ती फाइल वाचायला घेतली की वाचणारी प्रक्रिया कोसळते, सिस्टिम तिला परत उठवते, आणि ती पुन्हा त्याच फाइलपाशी येऊन पडते. जुन्या टॅबमध्ये डाउनलोडचं खातंही याच प्रक्रियेत असायचं, त्यामुळे अडकलेलं एखादं डाउनलोडही ‘मीडिया’च्या नावावर जमा व्हायचं. डाउनलोडचा फोल्डर उघडा, न चालणारे व्हिडिओ पुसून टाका. (मीडिया फाइल वाचणं हे तसं जोखमीचंच काम. २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी उघडकीला आली होती. मुद्दाम बिघडवलेल्या व्हिडिओमधून अँड्रॉइडमध्ये शिरता येत होतं. त्यानंतर २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये हे काम वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटून दिलं गेलं.)

तिसरा संशयित बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अँड्रॉइड ११ पासून एखाद्या ॲपला सामायिक साठवणुकीतली फाइल हवी असेल, तर ती मागणी बहुधा मीडिया स्टोरेजच्या हातून जाते. म्हणजे दुसरंच एखादं ॲप हजारो फाइली उपसत असेल, तर घाम मीडिया स्टोरेजला येतो आणि बॅटरीच्या यादीत नावही त्याचंच लागतं. असं उपसणारं ॲप कोणतं? बहुतेकदा क्लीनर! टॅब तापतो म्हणून ताईंनी एक क्लीनर टाकलाय, असं पत्राच्या शेवटी त्यांनीच लिहिलंय. तो आज काढून टाका. ‘इतकी ॲप बंद केली, टॅब थंड झाला’ असं तो सांगतो खरं, पण बंद केलेल्यांपैकी जी गरजेची असतात त्यांना सिस्टिम पुन्हा उठवते, आणि नव्याने उठवण्यात प्रोसेसर जास्त खर्ची पडतो. शिवाय अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत साध्या ॲपला दुसऱ्याची प्रक्रिया किती प्रोसेसर खातेय हे दिसतच नाही. तेव्हा क्लीनरच्या पडद्यावरचे रंगीत आकडे सोडून द्या.

खरे आकडे बघायचे असतील तर संगणक लागतो. गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात ओळख असेल तर काम होईल. टॅबच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डिबगिंग चालू करायचं, केबल जोडायची आणि संगणकावरून एडीबी शेलमध्ये, म्हणजे टॅबला आदेश देण्याच्या खिडकीत, ‘टॉप’ हा आदेश द्यायचा. आठ कोअरच्या टॅबमध्ये वर ८०० टक्के सीपीयू लिहिलेलं दिसेल. घाबरू नका, एका कोअरचे शंभर, म्हणून आठांचे आठशे. त्याच ओळीत ‘आयडल’चा, म्हणजे रिकाम्या प्रोसेसरचा, आकडा बघा. स्क्रीनवर काही चालू नसताना तो सातशेच्या वर असेल तर काळजी नाही. खालच्या यादीत प्रत्येक प्रक्रियेपुढे एक अक्षर असतं : ‘एस’ म्हणजे झोपलेली, ‘आर’ म्हणजे चालू, आणि ‘डी’ म्हणजे बहुधा साठवणुकीच्या उत्तराची वाट बघत अडकलेली. ‘डी’ वारंवार दिसलं की संशय पुन्हा कार्डावर जातो. काम झालं की डिबगिंग आठवणीने बंद करा.

‘टॉप’च्या यादीत वर ‘केस्वॅपडीझीरो’ दिसलं तर गोष्ट वेगळी. ही खुद्द कर्नेलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची प्रक्रिया. मोकळी मेमरी ठरावीक पातळीखाली गेली की ती जागी होते आणि जागा करू लागते; न लागणारं टाकते, बाकीचं दाबून, आकसून ठेवते. आकसायला प्रोसेसर लागतो, परत उलगडायलाही लागतो. कमी रॅमच्या टॅबवर लेक्चरचं ॲप, ब्राउझरची डझनभर पानं आणि वर एखादा गेम उघडा ठेवला की ती दिवसभर हेच करत बसते. उपाय साधाच आहे : ब्राउझरची पानं मिटवा, न लागणारी ॲप काढा. अस्सल केस्वॅपडीझीरो यादीत चौकोनी कंसात दिसतं. हेच नाव लावून सर्व्हरवर चोरून आभासी चलन खोदणारे प्रोग्रामही सापडलेत, म्हणून कंस बघायची सवय बरी.

एवढं करूनही टॅब तापत असेल तर सेफ मोड. पॉवरचं बटण दाबून ‘पॉवर ऑफ’वर बोट धरून ठेवलं की बऱ्याच टॅबमध्ये तो पर्याय येतो. यात आपण टाकलेली ॲप चालत नाहीत. सेफ मोडमध्ये टॅब गार राहिला तर दोष त्यांच्यातल्याच एकाचा. शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत मागे जायचं. मीडिया स्टोरेजचा डेटा पुसणं त्यानंतरचं. त्याने फोटो जात नाहीत, यादी जाते. ती नव्याने बनेपर्यंत गॅलरी रिकामी दिसेल, धीर धरा.

आणि एक, जे बिघाडात मोडतच नाही. अपडेटनंतर अँड्रॉइडला ॲप नव्या सिस्टिमसाठी घोटून ठेवायची असतात. हे काम टॅब चार्जिंगला लावलेला आणि रिकामा असताना होतं. ताईंचा मुलगा चार्जर लावून रात्री उशिरापर्यंत लेक्चर बघतो आणि झोपताना वायर काढतो. म्हणजे त्या कामाला सवडच मिळत नाही, ॲप जडच राहतात. त्यात मे महिना, वर टिनाचं छत; तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि तेच काम लांबत जातं. लेक्चर झाल्यावर कव्हर काढून, उशीपासून लांब, फरशीवर टॅब चार्जिंगला ठेवा आणि एक-दोन रात्री त्याला हात लावू नका.

पुढच्या लेखांकात : ‘स्टोरेज फुल’ झालं, पण दिसतच काही नाही.