काजीक काय लागता?

वेंगुर्ल्याच्या डोंगरउतारावर मे अखेरीला बी वेचून होते, गळलेल्या बोंडूंचा आंबूस वास उरतो आणि काजूकडे कुणी फिरकेनासं होतं. आंब्याला खत, माडाला मीठ, सुपारीला पाणी, पण "काजीक काय लागता?" हा प्रश्न नसून निकाल असतो. तो दिला कुणी, याचा माग मी बरीच वर्षं काढतो आहे.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि तिथेच राहिला. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात आंबा आहे, फणस आहे, विडा आहे, काजू नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाँव द कोश्ताच्या पुस्तकात तो उगवतो, तोही कोचीनच्या बागांतला. ब्राझीलहून आलेलं हे झाड ओर्ताच्या नजरेत भरलं नाही, याचं मला फारसं नवल वाटत नाही. आपल्याही ते कुठे भरतं? वरकस जमीन दिसली की तिथे काजू लावायचा, ही आपली रीत.

दुसरा कागद मात्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीचा. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला १००० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, २५० ग्रॅम पालाश. दुकानाच्या भाषेत सव्वादोन किलोला थोडा कमी युरिया, दीड किलोवर थोडं सिंगल सुपर फॉस्फेट आणि चारशे ग्रॅमच्या आसपास म्युरेट ऑफ पोटॅश. केरळ कृषी विद्यापीठाचे आकडे ७५०, ३२५ आणि ७५०; पालाश आपल्या तिप्पट. नत्र आपलं जास्त, पालाश त्यांचा. आकड्यांवर दोघांचं जमत नसलं, तरी झाडाला भूक असते यावर दोघांचं एकमत आहे.

कारण सरळ आहे. काजूचा मोहोर नव्या फुटीच्या शेंड्यावर येतो आणि ही फूट पावसाळ्यानंतरची. म्हणजे पुढच्या फेब्रुवारीची बी यंदाच्या पावसाळ्यात झाडाने काय खाल्लं यावर ठरते. खताची वेळही इथेच सापडते: मुसळधार ओसरलेली, पण माती ओली. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कातळउतारावर भर जुलैत टाकलेला युरिया ओहोळाचं पोट भरतो. खत बुंध्याशी नको. फांद्यांचा घेर संपतो तिथे चर काढून द्यावं आणि मातीने झाकावं. उतारावर चर वरच्या अंगाला, अर्धचंद्राचा.

उपाशी झाड निदान जगतं. खोडकिडा लागलेलं जगत नाही. भुंगेरा बुंध्याजवळच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो आणि अळी सालीखालचा भाग पोखरते. भोकातून डिंक आणि भुसा बाहेर येतो. तेव्हाच साल सोलून तारेने अळी काढली, तर झाड वाचतं. पानं पिवळी पडून गळेपर्यंत थांबलात, तर सरपणच मिळतं. मेलेलं झाड मुळासकट काढावं लागतं, नाहीतर तेच पुढच्या भुंगेऱ्यांचं घर होतं. आपल्या बागांत खतापेक्षाही हे वाकून पाहणंच जास्त राहून जातं, असं माझं मत आहे.

दिवाळीला गावी जाल तेव्हा काजीला कोवळी तांबूस पालवी असेल. तिच्याकडे पाहून झालं की बुंध्याशी जरा वाका. भुसा दिसला, तर फराळ नंतर.