‘मूळचेच अशक्त’ म्हणून सोडू नका

डोळे किंचित तिरपे, चेहरा चपटा, चालणे-बोलणे उशिरा. असे मूल गावात एखाद्या घरी असते. याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांत २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन येते. (आपल्या केळीत तर प्रत्येक गुणसूत्र तीन-तीन असते, म्हणून तिला बी धरत नाही.) ग्रहणात आईने विळी धरली म्हणून असे मूल होते, हे साफ खोटे. सुनेला बोल लावू नये.

या मुलांना रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, इतर मुलांपेक्षा दहा-वीस पट अधिक होतो. तरी शंभरातल्या दोन-तिघांनाच होतो, हेही लक्षात ठेवा. जन्मतः दहातल्या एखाद्या बाळाच्या रक्तात विकृत पेशी सापडतात. बहुधा त्या तीनेक महिन्यांत आपोआप जातात. पण रान स्वच्छ दिसले तरी हरळीची मुळे खाली राहतात, तसे यातही होते. अशा पाच बाळांतल्या एकाला चार वर्षांच्या आत खरा कर्करोग होतो. तेव्हा डॉक्टर सांगतील त्या तारखांना रक्त तपासून घ्यावे.

मूल फिके पडले, ताप हटेना, मार न लागता अंगावर निळे डाग किंवा लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आले, पोट फुगले, तर ‘ते मूळचेच अशक्त’ म्हणून अंगारे-धुपारे करीत बसू नका. तालुक्याला नेऊन रक्ताची तपासणी करा. तापावर ॲस्पिरिन मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढतो.

‘अशा पोरावर खर्च कशाला?’ असे काही घरांत म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. लहान वयात या मुलांना होणारा मायलॉइड जातीचा ल्युकेमिया औषधाला इतर मुलांपेक्षा चांगला दबतो. चांगल्या रुग्णालयात वेळेवर उपचार झाले तर दहातली आठ-नऊ मुले वाचतात, आणि औषधही कमी मात्रेत पुरते. जास्त मात्रा त्यांना सोसत नाही. फवारणी कडक झाली की पीक करपते, तसेच. लिम्फॉइड जातीत मात्र औषधाने तोंड येते, जंतुसंसर्ग लवकर होतो. तेथे फार जपावे लागते.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. निघताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि जुने रक्ताचे कागद पिशवीत घ्या. उपचार चालू असताना ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच गाडी काढा.