आकडे चुगली करतात!

एक झटपट क्विझ. दुकानाच्या वर्षभराच्या खर्चाच्या नोंदी समोर घ्या. त्यातल्या किती रकमा १ ने सुरू होत असतील? आकडे नऊ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ११ टक्के? चूक! १ ला मिळतात साधारण ३० टक्के आणि बिचाऱ्या ९ ला ५ टक्केही नाहीत.

हा ‘बेनफर्डचा नियम’. कारण सोपं आहे. शंभराचे दोनशे व्हायला रक्कम दुप्पट व्हावी लागते. नऊशेचे हजार मात्र पटकन होतात. अमेरिकेतल्या फ्रँक बेनफर्डने १९३८ मध्ये वीस हजारांवर आकडे तपासून हे मांडलं. मनाने रकमा रचणाऱ्याला हे प्रमाण सहसा साधत नाही. म्हणून ऑडिटर मंडळी हा नियम वापरतात.

माझ्या मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाच हजारांच्या आतल्या व्हाउचरवर त्याची सही लागत नाही. मी एक्सेलमध्ये प्रत्येक रकमेचा पहिला आकडा वेगळा काढला आणि चार्ट टाकला. ४ चा खांब भलताच उंच! ४,८००, ४,९००, ४,९५०... बहुतेक टेम्पोभाडं. ही व्हाउचर्स लिहिणारा माणूस पंधरा वर्षं दुकानात आहे. मामा गप्पच झाला.

पण थांबा, लगेच चोर ठरवू नका. भाडं ठरलेलं असेल तर तीच रक्कम पुन्हा पुन्हा येणारच. तिथे बेनफर्ड चालत नाही. मोजक्या नोंदींवरही नाही. म्हणून आम्ही एकेक व्हाउचर डिलिव्हरी चलनाशी ताडून पाहिलं. बहुतेक जुळली. अकरांना चलनच नव्हतं. त्यातली चार तर दुकान बंद असलेल्या दिवसांची! मामाने चारचौघांत तमाशा न करता त्याला आत बोलावून विचारलं. आता पैसे पगारातून हप्त्याने वळते होताहेत आणि व्हाउचरची वही दुसऱ्याकडे आहे.

फ्रॉड तपासनिसांच्या ‘एसीएफई’ या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार नोकरीतले ४३ टक्के घोटाळे कुणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडकीला आले. तेव्हा घरचा धंदा असेल तर चार्ट जरूर काढा, पण दुकानातल्या पोऱ्याला बोलायची भीती वाटणार नाही, हेही बघा. एक्सेल फक्त बोट दाखवतं. पुढची विचारपूस आपल्यालाच करावी लागते, बॉस!