कारागृह-प्रशासनातील मूलभूत संज्ञा

पारिभाषिक संज्ञेचा अर्थ निश्चित असावा लागतो. व्यवहारात तुरुंगातील प्रत्येकाला आपण 'कैदी' म्हणतो. कारागृह अधिकारी होण्यासाठी प्रशिक्षण घेणाऱ्याला मात्र हा सैलपणा परवडत नाही. कारण संज्ञा बदलली की बंदीचे हक्कही बदलतात. हे पुढील संज्ञांवरून स्पष्ट होईल.

१. न्यायाधीन बंदी : ज्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही, असा बंदी. बोलीत त्याला 'कच्चा कैदी' म्हणतात. दोष सिद्ध होईपर्यंत कायदा त्याला निर्दोष मानतो.

२. सिद्धदोष बंदी : न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा सुनावलेला बंदी, म्हणजेच 'पक्का कैदी'. न्यायाधीन बंद्यांना सिद्धदोष बंद्यांपासून वेगळे ठेवावे, असा दंडक १८९४ च्या कारागृह अधिनियमानेच घातला.

३. स्थानबद्ध : संभाव्य कृत्य टाळण्यासाठी प्रतिबंधक कायद्याखाली अटकेत ठेवलेली व्यक्ती. येथे आरोप सिद्ध झालेला नसतो. किंबहुना खटलाही चाललेला नसतो.

४. संचित रजा आणि अभिवचन रजा : या दोन संज्ञांत अनेकदा गल्लत होते. संचित रजा (फर्लो) सिद्धदोष बंदीला ठरावीक शिक्षा भोगल्यानंतर मिळू शकते. तीसाठी विशेष कारण लागत नाही. अभिवचन रजा (पॅरोल) मात्र निकटच्या नातलगाचे गंभीर आजारपण, मृत्यू अशा निकडीच्या कारणासाठी असते. महाराष्ट्रातील १९५९ च्या नियमांनुसार संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे धरले जात नाहीत.

आता एक उदाहरण पाहू. एका तरुणावर चोरीचा आरोप आहे. या गुन्ह्याची कमाल शिक्षा ३ वर्षे आहे. तो पूर्वी कधीही दोषी ठरलेला नाही व त्याच्यावर दुसरा खटला नाही. अशा न्यायाधीन बंदीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ, म्हणजे १ वर्ष, कारागृहात काढला, की त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकाचे कर्तव्य ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४७९ मध्ये ही तरतूद आहे. नोंदवहीत त्याचा वर्ग किंवा दाखल झाल्याचा दिनांक चुकला, तर तो अर्ज वेळेवर होणार नाही आणि एक माणूस विनाकारण आत राहील.

म्हणून संज्ञा केवळ पाठ करू नका. प्रत्येक संज्ञेमागचा हक्क लक्षात ठेवा.

स्वयं-अध्ययन प्रश्न : 'कच्चा कैदी' आणि 'न्यायाधीन बंदी' यांपैकी कोणता शब्द कार्यालयीन नोंदीत योग्य ठरेल? सकारण लिहा.