सॅम्पल टेस्ट केस पास, तरी कोडिंग टेस्टमध्ये फेल का?

एमसीए किंवा एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला असाल तर हे ओळखीचं वाटेल. ऑनलाइन कोडिंग टेस्ट दिली, सॅम्पल टेस्ट केस पास झाल्या, खुशीत सबमिट केलं आणि इंटरव्ह्यूचा कॉल काही आलाच नाही. मग कोणी म्हणतं वशिला लागतो, कोणी म्हणतं मोठ्या कॉलेजवाल्यांनाच घेतात. बऱ्याचदा कारण साधं असतं आणि ते प्रश्नाखालीच छापलेलं असतं.

दिसतात त्या सॅम्पल केस लहान असतात. मार्क ठरतात लपवलेल्या केसवर, आणि त्यात इनपुट प्रचंड असतो. किती मोठा, ते 'कन्स्ट्रेंट्स' या ओळीत असतं. नेमकी हीच ओळ आपण वाचत नाही!

लीटकोडवरचा पहिलाच प्रश्न घ्या, टू सम. आकड्यांची यादी दिली आहे, ज्या दोन आकड्यांची बेरीज ५० होते ते शोधा. सरळ उपाय म्हणजे लूपमध्ये लूप, प्रत्येक जोडी तपासायची. ४ आकडे असतील तर ६ जोड्या. काहीच नाही. पण यादी १ लाखाची असेल तर जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम सेकंदाला साधारण १० कोटी सोप्या क्रिया करतो असा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे ५० सेकंद लागणार, आणि टेस्टमध्ये वेळ मिळतो एक-दोन सेकंद. पायथॉन तर याहून बराच हळू. स्क्रीनवर येतं 'टाइम लिमिट एक्सीडेड'. उत्तर बरोबर होतं, फक्त उशिरा आलं असतं.

आता दुसरी पद्धत बघा. यादीतून एकदाच जायचं. समोर १८ आला, तर जोडीला ३२ हवा. तो आधी येऊन गेलाय का? मागे जाऊन शोधायचं नाही, डिक्शनरीला विचारायचं (जावात हॅशमॅप). ती आकड्यावरूनच तो ठेवल्याची जागा काढते, त्यामुळे उत्तर सहसा लगेच मिळतं. ३२ नसेल तर १८ नोंदवून पुढे. १ लाख आकड्यांना १ लाखच फेऱ्या! बदल्यात थोडी जास्त मेमरी लागते, पण ती परवडते.

म्हणून कोड लिहायच्या आधी कन्स्ट्रेंट्स बघा. १००० पर्यंत आकडे असतील तर लूपमध्ये लूप बिनधास्त लिहा, उगाच हुशारी नको. १ लाख दिसले की सॉर्टिंग किंवा डिक्शनरीचा विचार करा. आणि एकेक आकडा १०० कोटींपर्यंत असेल, सगळ्यांची बेरीज करायची असेल, तर जावात इंट पुरत नाही. त्याची मर्यादा २१४ कोटींच्या आसपास संपते, मग बेरीज चुकते आणि एररसुद्धा दिसत नाही. तिथे लाँग वापरा.

मोबाईलवर कोड टाइप करणं म्हणजे छळ आहे, माझ्या मते तो नादच करू नका. पण एसटीत बसून प्रश्न वाचणं, कन्स्ट्रेंट्सवरून फेऱ्या मोजणं आणि वहीत उपाय मांडणं सहज जमतं. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन फक्त टाइप करायचं उरतं.

आणि टेस्टमध्ये वेगवान उपाय सुचलाच नाही तर? हळू उपाय तरी सबमिट करा. अनेक टेस्टमध्ये जितक्या केस पास, तितके मार्क मिळतात. कोरा एडिटर सोडला तर शून्यच.