गुठळी का होते?

पिठल्यातली गुठळी चमच्याने दाबून फोडली की आतून कोरडे बेसन निघते. भोवती उकळते पाणी असूनही मधले पीठ भिजलेलेच नसते. याचे कारण गुठळीच्या सालीत आहे.

पिठाच्या कणांमध्ये हवा असते. मूठभर बेसन आधणात एकदम पडले की पाणी त्या ढिगाला चहूबाजूंनी वेढते आणि आतल्या हवेला वाट उरत नाही. तेवढ्यात बाहेरच्या थरातला स्टार्च फुगतो. साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसला तो पाणी शोषून चिकट होतो. आधणात हे काही क्षणांत घडते. ही चिकट साल पुढचे पाणी अडवते. मग कितीही ढवळले तरी गुठळी पाण्याबरोबर नुसती फिरते. ती डावाने भांड्याच्या कडेशी चेपावीच लागते.

म्हणून पीठ वैरतात. जात्यात दाणे घालण्यालाही वैरणेच म्हणतात, आणि दोन्हीकडे अर्थ एकच: थोडेथोडे, सतत. एका हाताने पिठाची बारीक धार, दुसऱ्या हाताने डाव. शेजारचा कण येऊन चिकटण्याआधी प्रत्येक कण एकेकटा भिजतो. इतका नेमका शब्द स्वयंपाकघरात क्वचितच सापडेल.

दुसरी वाट गार पाण्याची. नाचणीच्या आंबिलीसाठी पीठ आधी गार पाण्यात किंवा ताकात कालवतात. गार पाण्यात स्टार्च फुगत नाही, त्यामुळे गाठी बोटांनी सहज मोडतात. मात्र पाणी सुरुवातीला थोडेच हवे. घट्ट कालवणात कण एकमेकांवर घासले जातात आणि गाठी फुटतात. पाणी जास्त झाले की त्या निसटून तरंगतात. पातळ करायचे ते नंतर.

रव्याचे तसे नाही. दाणे जाड, मधल्या फटी मोठ्या, त्यामुळे पाणी आत शिरते. उपम्यासाठी तो तेलातुपात भाजला की दाण्यांवर स्निग्ध थर बसतो आणि ते सुटे राहतात. कण जितका बारीक, तितका तो वजनाच्या मानाने शेजाऱ्याला अधिक चिकटतो. म्हणून मैद्याच्या गुठळ्या रव्यापेक्षा लवकर होतात. झटपट विरघळणारी दूध पावडर याच कारणाने मुद्दाम जाडसर करतात. बारीक कण किंचित ओलावून एकमेकांना जोडतात, पुन्हा वाळवतात आणि सच्छिद्र दाणे तयार करतात. सायीच्या दुधाच्या पावडरीतली चरबी पाणी झिडकारते, म्हणून तिच्या दाण्यांवर लेसिथिनचा हात फिरवतात.

मोदकाच्या उकडीत मात्र तांदळाची पिठी आधणात एकदमच घालतात. तिथे गाठी झाल्या तरी बिघडत नाही, कारण झाकून वाफ आणल्यावर उकड मळायचीच असते आणि मळताना त्या मोडतात. मळणे मात्र उकड गरम असतानाच व्हावे लागते. निवल्यावर ती घट्ट होते आणि पारीला चिरा पडतात.