बंपर पांढरा का पडतो?

वसमतच्या मोंढ्यात किंवा औंढा नागनाथच्या देवळाबाहेर लागलेल्या जुन्या गाड्या बघा. मारुती ८००, ओम्नी, सुमो, सुरुवातीच्या काळातली बोलेरो. पत्र्याचा रंग बऱ्यापैकी टिकलेला असतो, पण बंपर राखाडी आणि दारावरची पट्टी पांढुरकी झालेली. इथल्याच मालकाच्या गाडीवर हिंगोलीच्या एमएच ३८ ऐवजी परभणीचा एमएच २२ दिसला, तर ती जिल्ह्यापेक्षा वयाने मोठीही असू शकते. हिंगोली परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी सगळा कारभार परभणीच्या नंबरावर.

अशी गाडी विकायला काढली की गॅरेजात एक ठरलेला उपाय होतो. फडक्याचा बोळा डिझेलमध्ये बुडवून बंपरवर फिरवायचा. दोन मिनिटांत बंपर काळाकुळकुळीत होतो, गिऱ्हाईक खूश होतं, सौदा होतो. आठवडाभरात तो पुन्हा राखाडी, वर फुफाट्याचा थर चिकटलेला.

हे का होतं, ते पाहायचं असेल तर पुढची नंबर प्लेट खोला. प्लेटच्या मागे, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथलं प्लॅस्टिक बहुधा आजही कारखान्यातून आल्यासारखं काळं असतं. कडेला स्पष्ट रेघ दिसते. आता राखाडी भागावर कोरडं बोट घासा, बोटाला खडूसारखी पूड लागेल. ही नुसती रस्त्यावरची धूळ नव्हे, झिजलेला बंपरच बोटाला लागलेला असतो.

बंपर ज्याचा बनतो ते पॉलिप्रॉपिलीन मुळात काळं नसतंच, दुधी असतं. त्यात काजळी मिसळून काळं करतात, आणि ताठपणासाठी टाल्कसारखी पांढरी भुकटीही घालतात. या प्लॅस्टिकच्या लांबलचक साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक फांदी असते आणि तो सांधा कच्चा असतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच घाव घालतात. काजळी बरंच ऊन स्वतःवर झेलते, म्हणून आतला भाग वाचतो. वरचा अगदी पातळ थर मात्र तुटत जातो, बारीक भेगाळतो आणि टाल्क उघडं पडतं. अशा खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो, तोच आपल्याला पांढरेपणा म्हणून दिसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेलेला असताना दिवसभर उघड्यावर राहणाऱ्या गाडीचं आणखी काय होणार?

उन्हाळ्यात भुरकट दिसणारी आपली काळी माती पहिल्या सरीनंतर एकदम गडद होते ना, डिझेलचं कामही तेवढंच. भेगांत तेल भरलं की उजेड विखुरत नाही आणि खालचा काळा दिसू लागतो. तेल उडालं, धुतलं गेलं की खेळ संपला. खोबरेल तेलाची गतही तीच, फक्त वास बरा.

प्लॅस्टिकवर डिझेल निरुपयोगी आहे. रबरावर ते घातक आहे. दारांची आणि काचांची रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. ते ऊन-पाऊस उत्तम सोसतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं आणि सैल पडतं. मग पावसाळ्यात दारातून पाणी आत येतं. रबराला काळेपणही काजळीचंच, आणि तिथे ती बळकटीसाठीही लागते. टायरांत काजळी घालायला लागण्यापूर्वी ते फिकट रंगाचे असत. मिशेलिन कंपनीचा १८९८ पासूनचा टायरांचा माणूस पांढरा आहे तो त्यामुळेच. दारांच्या रबराला साबणाचं पाणी आणि वर सिलिकॉनचा हलका हात पुरे. कडक होऊन तडकलेलं रबर मात्र कशानेही मऊ होत नाही, ते बदलायचं.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून काही जण हीट गन मारतात. बंपर डोळ्यांदेखत काळा होतो, कारण वरचा थर वितळून सपाट होतो. पण ऊन पुन्हा तेच करतं, आणि दर खेपेला शेकायला चांगलं प्लॅस्टिक कमी उरतं. हात जरा रेंगाळला तर बंपर वाकतो, शेजारच्या रंगाला फोड येतात. माझं मत विचाराल तर या वाटेला जाऊ नये.

टिकाऊ काम कंटाळवाणं आहे, आणि त्यातला मोठा भाग धुण्याचाच. शाम्पू आणि ब्रशने बंपर दोन-तीनदा घासायचा, जुन्या पॉलिशचे पांढरे डाग आणि सिलिकॉनचा तेलकटपणा निघेपर्यंत. पाणी मारून बघा: थेंब थेंब होऊन ओघळलं तर तेलकटपणा अजून आहे, सारखं पसरून सगळा बंपर काळा दिसला तर काम जमलं. मग पूर्ण वाळू द्यायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप लावायची. वर ट्रिम रिस्टोअरर. यातही नुसते चकाकी देणारे द्रव असतात, ते तेलाचेच भाऊ. घ्यायचा तो रंगद्रव्य असलेला किंवा सुकून कडक होणारा. सावलीत, गार बंपरवर, स्पंजने पातळ हात द्यायचा आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ पाणी लागू द्यायचं नाही. असा थर काही महिने सहज टिकतो. रंगच मारायचा ठरवलात तर आधी प्लॅस्टिकचा प्रायमर हवाच, कारण पॉलिप्रॉपिलीन रंग धरत नाही. प्रायमरशिवाय मारलेला रंग पोपडे होऊन निघतो. बंपरच्या क्लिपा तुटल्या असतील किंवा आरपार चीर असेल तर हे काहीच करू नका. जुन्या मारुतीचा बंपर बाजारात मिळतो.

आणि खर्चाचा क्रम चुकवू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्या तपासणीत ब्रेक, दिवे, टायर बघतात. बंपर काळा की राखाडी, हे कुणी विचारत नाही. आधी ब्रेक आणि टायर करून घ्या, बंपर त्यानंतर.